बांबू गावाचा, टीपी कुणाची?

जंगलात तोडलेला बांबू ट्रकमध्ये भरून रस्त्याला लावायचा तर एक कागद सोबत लागतो. सरकारी भाषेत वाहतूक परवाना, बोलण्यात टीपी. ती नसली की पुढच्या वननाक्यावर ट्रक अडतो आणि माल जप्त होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव, वस्ती शंभरएक घरांची. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे ते जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा हक्क. देशात असा हक्क सर्वांत आधी ज्या गावांना मिळाला, त्यांतलं हे एक. हक्काचा कागद आला, पण टीपी काही मिळेना.

वनखात्याचं म्हणणं असं की १९२७च्या भारतीय वन अधिनियमात बांबू 'झाड' म्हणून तेव्हा धरलेला होता आणि झाडावर गावाचा हक्क नाही. गावाने २००६चा वनहक्क कायदा पुढे केला. त्यात गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट छापलेलं आहे. दोन्ही बाजूंच्या हातात संसदेचाच कायदा. प्रकरण असंच लोंबकळत राहिलं. मार्च २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण आणि वनमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की बांबू हा गौण वनोपजच समजावा. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं.

शंभर घरांच्या गावाने आपल्याच हद्दीतला बांबू विकावा, एवढ्यासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागतो! या एका प्रसंगात आपला आजचा विषय बहुतेक सगळा आला. जंगल, नदी, गवताळ माळ, खाडी अशा परिसंस्थांचा कारभार कुणी पाहायचा? अभ्यासक याला सहभागी, बहुस्तरीय व्यवस्थापन म्हणतात. नाव जडच आहे. अर्थ एवढाच, की निसर्गाचा एखादा तुकडा सांभाळताना गाव, तालुका, जिल्हा, राज्य, केंद्र अशा अनेक पायऱ्यांवर निर्णय होत असतात. कोणता निर्णय कोणत्या पायरीवर व्हावा आणि वरच्या-खालच्यांनी एकमेकांना उत्तरदायी कसं राहावं, हे ठरवण्याची ही पद्धत. आणि हे सगळं कशासाठी, तर त्या परिसंस्थेवर जगणाऱ्या माणसांचं बरं चालावं म्हणून.

हे 'बरं चालणं' म्हणजे नुसती मिळकत नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जगभरच्या परिसंस्थांचा एक मोठा आढावा घेतला गेला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात माणसाच्या कल्याणाचे घटक मांडले आहेत: जगण्याची साधनं, आरोग्य, सुरक्षितता, चांगले सामाजिक संबंध आणि स्वतःच्या आयुष्याचे निर्णय स्वतः घेण्याचं स्वातंत्र्य. पहिले चार चटकन पटतात. पाचवा बहुतेक सरकारी योजनांमधून गळतो. जंगल राखलं, रोजंदारी दिली, गॅसची शेगडी दिली, पण विचारलं काहीच नाही, तर त्या हिशोबात कल्याण अपुरं राहिलं.

आधीचं चित्र

गडचिरोली हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला जिल्हा. त्याचा बहुतांश भाग जंगलाचा. या पट्ट्यात लोकांचा जंगलाशी जुना व्यवहार 'निस्तार' या नावाने चालायचा. घराला लाकूड, कुंपणाला बोऱ्या-काट्या, चुलीला सरपण, गुरांना चराई. जमीनदारी गेल्यावर हे हक्क निस्तार पत्रकांत नोंदले गेले. कागदावर राहिले आणि व्यवहारातून हळूहळू निसटले. जंगलाचा मालक वनखातं, बांबूचा ठेका कागद गिरणीला, आणि गावकरी त्याच जंगलात मजूर. घराच्या दुरुस्तीसाठी दोन वासे आणले तरी चोर ठरण्याची भीती.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि इंद्रावती नद्यांवर इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही दोन मोठी धरणं होऊ घातली होती. त्यांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटेही त्यात उतरले. धरणं झाली नाहीत. पण त्या दिवसांत मेंढ्यासारख्या गावांत एक बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही. गावातले देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ही त्यातली दोन ठळक नावं. तिथली घोषणा नंतर राज्यभर गाजली: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

घोषणेपेक्षा मला त्या गावाची एक सवय जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे अभ्यास गट. एखादा विषय आला, समजा मधमाश्या, वन कायदा किंवा दारू, की ज्यांना रस आहे ते बसतात, बाहेरचा जाणकार बोलावतात, कागदपत्रं वाचतात. अभ्यास गटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही सर्वसहमतीने. बहुमताने हात वर करून नाही. एकाचं जरी अडलं तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. वेळखाऊ आहे, कबूल. पण जंगलाचा नियम शेवटी प्रत्येक घराने एकट्याने, कुणी बघत नसताना पाळायचा असतो. ज्याचं म्हणणं हात मोजून मोडून काढलं, तो कुऱ्हाड घेऊन निघाला की कोण अडवणार?

१९९०च्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापन नावाची योजना आली. तिच्यात गावाची समिती, वनखात्याचा सचिव, राखण गावाने करायची आणि उत्पन्नात वाटा मिळायचा. मुळात ही योजना उजाड झालेल्या जंगलांसाठी होती. मेंढ्याचं जंगल तर चांगलं होतं. मग ते बसेना. गावाने हट्ट धरला, की उजाड केल्यावरच आम्हाला घेणार का? आणि ते योजनेत आले. अनेक गावांत या योजनेने जंगल सुधारलंही. पण तिच्या नावात 'संयुक्त' असलं तरी किल्ल्या एकाच्याच कमरेला होत्या. समिती वनखात्याच्या ठरावाने तयार होई आणि तसल्याच ठरावाने गुंडाळताही येई. सहकार्य म्हणताना दोघांपैकी एकाला 'नाही' म्हणता येत नसेल, तर ते सहकार्य नव्हे, ती राबवणूक. सगळे परिसंवाद 'समन्वय वाढवा' म्हणून संपतात. माझ्या मते अडचण समन्वयाच्या कमतरतेची फारशी नाहीच. हक्क कुणाकडे आहे हे आधी ठरतं, सहकार्य त्याच्या मागून येतं.

दोन टोकांच्या मधलं

सामायिक मालमत्तेचं काय होतं, यावर १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाचा एक लेख आला आणि फार गाजला. त्यातला मुद्दा असा, की गायरान सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आपलं एक जास्तीचं जनावर सोडणार आणि शेवटी गायरान संपणार. उपाय दोनच, एकतर सरकारने ताब्यात घ्यावं किंवा खासगी मालकी करावी. भारतातल्या वनखात्याला हा युक्तिवाद आयता होता, त्यांनी तर तो शंभर वर्षं आधीच अमलात आणला होता.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र प्रत्यक्ष गायरानं, कालवे, भूजल, मासेमारीची बंदरं पाहिली. स्वित्झर्लंडमधल्या तोर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम त्यांनी नोंदवला आहे: जेवढ्या गायी हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर न्यायच्या. सरकार नाही, खासगी मालकीही नाही, आणि कुरण शतकानुशतकं टिकलं. जिथं असं टिकतं तिथं काय सारखं असतं, याची त्यांनी आठ सूत्रं काढली. हद्द स्पष्ट हवी. नियम स्थानिक परिस्थितीला धरून हवेत आणि ज्यांनी पाळायचे त्यांनीच ते बनवावेत. राखणदार लोकांना जबाबदार हवा. शिक्षा पहिल्या चुकीला थोडी, मग चढती. भांडण मिटवायची स्वस्त सोय हवी. आणि शेवटची दोन आपल्या विषयाच्या गाभ्याची: लोकांनी बनवलेल्या व्यवस्थेला वरच्या सरकारने मान्यता द्यायला हवी, आणि संसाधन मोठं असेल तर लहान संस्था मोठ्या संस्थांमध्ये गुंफलेल्या हव्यात. या कामासाठी २००९ साली ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मेंढ्याला हक्क मिळाला तेही त्याच वर्षी. योगायोगच, पण छान आहे.

ऑस्ट्रॉम यांचं नाव घेऊन 'सगळं गावावर सोपवा' म्हणणारे भेटतात. त्या तसं म्हणाल्या नाहीत. एकाच ठिकाणी सगळी सत्ता असू नये, अनेक केंद्रं असावीत आणि एकाचं चुकलं तर दुसऱ्याने सावरावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बांबूच्या रांजीत

आता जरा जंगलात शिरू. गडचिरोलीतला बांबू मुख्यतः मानवेल जातीचा. तो एकेकटा उगवत नाही, झुबक्याने वाढतो. या झुबक्याला तिकडे रांजी म्हणतात. पावसाळ्यात रांजीतून नवे कोंब वर येतात. त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. सगळेच वास्ते खाल्ले तर पुढे बांबू कुठून येणार? त्यामुळे पहिला नियम स्वयंपाकघरातच लागू होतो, किती काढायचे याचा.

कोंब काही आठवड्यांतच पूर्ण उंची गाठतो, पण पक्का व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे तोड करायची ती तीन वर्षांवरच्या बांबूची. एक-दोन वर्षांचे कोवळे ठेवायचे, शिवाय त्यांना आधार द्यायला काही जुनेही ठेवायचे. गंमत अशी, की कोवळे बांबू सहसा रांजीच्या कडेला असतात आणि पक्के मधोमध. म्हणजे चांगला माल काढायचा तर एका बाजूने वाट करून आत शिरावं लागतं. हे मेहनतीचं काम. नगावर मजुरी मिळणारा ठेकेदाराचा माणूस कशाला आत शिरेल? तो कडेचे कोवळे बांबू सपासप तोडून गाडी भरतो. मधले तसेच गुंततात, वाळतात, रांजी कोंदटते आणि काही वर्षांत बसते. तोड जमिनीलगत, पहिल्या-दुसऱ्या पेराच्या वर व्हायला हवी. कमरेच्या उंचीवर तोडलं की तोडणाऱ्याची पाठ वाचते आणि खुंट सडतो. पावसाळ्यात तोडायचं नाही, कारण तेव्हा कोंब फुटत असतात.

हे नियम वनखात्याच्या पुस्तकात आहेतच. वनरक्षकालाही ते पाठ असतात. पण एका वनरक्षकाच्या बीटात शेकडो हेक्टर जंगल येतं आणि रांज्या हजारोंनी. प्रत्येक रांजीजवळ उभं राहून तोड पाहणं त्याला शक्य नाही. गावाला शक्य आहे, कारण तोडणारा, पाहणारा आणि तीन वर्षांनी पुन्हा त्याच रांजीकडे येणारा माणूस एकच असतो. म्हणून हा निर्णय गावाच्या पायरीचा. तत्त्व म्हणून तर आहेच, पण साधं कारण असं, की माहिती आणि फायदा-तोटा दोन्ही तिथे एकत्र येतात.

उलट काही गोष्टी गावाला दिसत नाहीत. बांबू चाळीसेक वर्षांनी एकदा फुलतो आणि फुलल्यावर मरतो, तोही एकदम मोठ्या पट्ट्यात. पुढच्या फुलोऱ्याचा अंदाज बांधणं, त्यानंतर वाळलेल्या बांबूला लागणाऱ्या वणव्यांची तयारी करणं, नव्या रोपांवर चराई थोपवणं, यासाठी जिल्हाभराच्या जुन्या नोंदी लागतात. त्या वनखात्याकडे आहेत. इथे खात्याचं काम खरंच सुरू होतं, शिपायाचं नव्हे तर जाणकाराचं.

पायऱ्या आणि त्यांवरची माणसं

वनहक्क कायद्याने पायऱ्या कशा बांधल्या ते पाहू. सगळ्यात खाली ग्रामसभा. पण कोणती? आपल्या ओळखीची ग्रामसभा ग्रामपंचायतीची असते, आणि एका गट ग्रामपंचायतीत पाच-सहा गावं, टोले, पाडे येतात. वनहक्क मिळाला तेव्हा मेंढा हे गाव लेखा ग्रामपंचायतीत होतं. वनहक्कासाठी मात्र त्या एका गावाची किंवा पाड्याची सभा हीच ग्रामसभा. फरक लहान दिसतो, परिणाम मोठा आहे. जे लोक एका जंगलात जातात तेच एका सभेत बसतात. गणपूर्तीला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. मोह वेचायला, सरपणाला, भाजीला जंगलात बायकाच जास्त जातात, तेव्हा ही अट दिखाऊ नाही.

ग्रामसभा आपली हद्द ठरवते, नकाशा करते, दावा करते. तिथून तो उपविभागीय समितीकडे, म्हणजे प्रांताकडे, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे जातो. जिल्हा समितीचा निर्णय मूळ कायद्यात अंतिम. मग दावा फेटाळला तर दाद कुठे मागायची? थेट उच्च न्यायालयात, आणि ते कुणाला परवडतं! मे २०२०मध्ये राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आपला अधिकार वापरून महाराष्ट्राच्या अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रांत विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. भांडण मिटवायची स्वस्त सोय हवी, हे ऑस्ट्रॉम यांचं सूत्र इथे उशिरा का होईना उतरलं.

हक्क मिळाल्यावर गावाने जंगलाचा आराखडा करायचा. तिकडे वनखात्याचा स्वतःचा आराखडा असतो, त्याला कार्य आयोजना म्हणतात. दोन्हींचं जुळायचं कसं? २०१२मध्ये सुधारलेले नियम सांगतात, की गावाचा आराखडा खात्याच्या आराखड्याशी जोडता येईल आणि त्यासाठी लागणारे बदल गावाच्या समितीला योग्य वाटतील तसे. या वाक्यातला कर्ता पाहण्यासारखा आहे. बदल गावाची समिती करणार, खातं नाही. व्यवहारात किती ठिकाणी असं होतं हा वेगळा प्रश्न. ज्या खात्याने दीडशे वर्षं हुकूम दिले, त्याने आता सल्ला द्यायचा. कागदावर हे एका ओळीत होतं. बीटातल्या वनरक्षकाला मात्र उद्या सकाळी त्याच गावात गणवेश घालून जायचं असतं.

पान विडीचं, भाव बाहेरचा

बांबूत गावाचं राज्य दिसलं. तेंदूपानात त्याची मर्यादा दिसते.

मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून सगळं घर जंगलात जातं. पानं आणायची, दुपारी सावलीत बसून जुड्या बांधायच्या. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी ते फळीवर न्यायचे. फळी म्हणजे पान मोजून घ्यायची मोकळी जागा, तिथे पुडे उन्हात ओळीने मांडून वाळवतात. मोजणारा फळीमुन्शी. पूर्वी तो ठेकेदाराचा असायचा आणि चार पुडे 'खराब' म्हणून बाजूला काढायचा. त्या बाजूला काढलेल्यांचं पुढे काय होतं, हे सगळ्यांना माहीत असायचं. २०१३च्या सुमारास गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या काही ग्रामसभांनी ठरवलं, की लिलाव आपणच करू. मुन्शी गावचा झाला, हिशोबाची वही गावात आली. मजुरीबरोबर रॉयल्टीही थेट घरांत वाटली जाऊ लागली.

पण भाव कोण ठरवतो? विडी उद्योग. तो जंगलापासून शेकडो किलोमीटर लांब. २०१७ला भाव खूप चढले आणि पुढच्या हंगामात कोसळले. मधल्या काळात जीएसटी आला होता आणि विडीच्या पानावर १८ टक्के कर लागला. तो निर्णय दिल्लीतल्या परिषदेचा. तिथे बसलेल्यांच्या मनात फळी नक्कीच नव्हती. ग्रामसभेकडे जंगलाची पूर्ण मालकी असती तरी या दोन्ही गोष्टींवर ती काही करू शकली नसती.

तेंदूचं आणखी एक आहे. पान कोवळं आणि मोठं यावं म्हणून हंगामाआधी झुडपं छाटतात आणि काही ठिकाणी सरळ आग लावतात. वणवा पेटतो तो त्यातूनही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२मध्ये वनहक्क मिळाल्यावर तेंदूच घ्यायचा नाही असं ठरवलं. फांद्या तोडल्या जातात, आग लागते, आणि बांबूतून पैसे मिळताहेत, तर सोडून देऊ. कुणी आदेश काढला नव्हता. वनखात्याने असं फर्मान काढलं असतं तर गावाने ते पोटावर पाय म्हणूनच घेतलं असतं, आणि तेही रास्त ठरलं असतं.

मोहाची कथा निराळीच. ते खाद्य आहे, औषध आहे, देवाला लागतं, आणि त्याची दारूही होते. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी. त्यामुळे मोहफुलांवर वनखात्यासोबत उत्पादन शुल्क खात्याचीही नजर. घरात किती साठवायचं, कुठे न्यायचं, सगळ्याला बंधनं. परिणाम उघड होता. वेचणारी बाई हंगामात पडेल त्या भावाने विकून टाकायची, व्यापारी साठवायचा, आणि पावसाळ्यात तेच मोह दामदुपटीने परत घ्यायची वेळ यायची. २०२१मध्ये राज्याने ही बंधनं सैल केली. जंगल चांगलं होतं, हक्कही होता, आणि तरी घरात पैसा येत नव्हता, कारण कुलूप भलत्याच खात्याच्या दाराला होतं.

गावाच्या वर, तालुक्याच्या खाली

एकेकट्या गावाला व्यापारी पाडून भाव मागतो. पाच गावं एकत्र आली तर जरा नमतो. यातूनच उत्तर गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यात महाग्रामसभा उभी राहिली, नव्वदच्या आसपास ग्रामसभांचा संघ. गावागावांतून स्त्रिया आणि पुरुष असे दोन्ही प्रतिनिधी येतात. लिलाव एकत्र होतात, एखादं गाव हिशोबात अडखळलं तर शेजारचं मदत करतं, हद्दीची भांडणं तिथे मिटतात. वणव्यालाही हीच पायरी उपयोगी, कारण आग गावाची शीव पाहून थांबत नाही.

इथे अधिकाराची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. वनहक्क कायद्याने जंगल सांभाळायचा अधिकार गावाला दिला, संघाला नाही. म्हणजे महाग्रामसभा चालते ती गावांनी दिलेल्या अधिकारावर, आणि तो गावं परत घेऊ शकतात. प्रांत, जिल्हाधिकारी, वनसंरक्षक या पायऱ्यांवर अधिकार वरून खाली येतो. इथे तो खालून वर जातो. कोणत्याही 'सहभागी' योजनेची पारख करायची असेल तर मी एवढंच विचारीन: या समितीला बरखास्त कोण करू शकतं?

आणि तरी, मोठा स्वार्थ समोर आला की ही सगळी रचना किती तकलादू ठरते हेही याच जिल्ह्यात दिसतं. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण चालू आहे. परिसरातल्या ग्रामसभांनी वर्षानुवर्षं विरोधाचे ठराव केले. डोंगर त्यांच्या दैवताचा, ओढे तिथूनच निघणारे. ठराव राहिले, ट्रक चालू आहेत. खाणीने रोजगार आला, असं म्हणणारेही त्याच तालुक्यात आहेत, ते खोटं बोलत नाहीत. पण बांबूच्या ट्रकला टीपीसाठी दोन वर्षं आणि खनिजाच्या ट्रकला मोकळा रस्ता, हे पाहिल्यावर बहुस्तरीय कारभारात सगळे स्तर सारखे नसतात हे वेगळं सांगायला नको.

नदी आणि हत्ती

मेंढ्याच्या जंगलातलं पाणी कठाणी नदीत जातं, कठाणी वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीला जाते. वरचं जंगल टिकलं तर माती धरली जाते आणि ओढे उन्हाळ्याकडे जरा जास्त वाहतात. हा लाभ खालच्या गावांनाही होतो. जंगल राखणाऱ्या गावाला मात्र त्याचे पैसे कुणी देत नाही. उलटही होतं. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवरातून आणि भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगेकाठची गावं पुरात सापडली. त्या दिवशी गडचिरोलीत फारसा पाऊसही नव्हता. इथे ग्रामसभा कितीही जागरूक असो, तिच्या हातात काही नाही. दोन राज्यांची पाटबंधारे खाती वेळेवर बोलली का, एवढ्यावरच सगळं.

ऑक्टोबर २०२१मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि परत जाऊन-येऊन इथेच रमला. अधूनमधून तो गोंदिया जिल्ह्यातही जातो. इथल्या लोकांना बिबट्या, अस्वल, आणि अलीकडे वाघही सवयीचा. रानटी हत्ती मात्र कुणाच्याच आठवणीत नव्हता. धानाच्या बांध्या तुडवल्या गेल्या. घरात साठवलेल्या मोहाच्या वासाने हत्ती भिंती पाडून आत शिरले. माणसंही गेली.

कळपाचं क्षेत्र दोन राज्यांत पसरलेलं. त्याला राज्यांमधलं बोलणं हवं, आणि ज्यांचा हत्तींशी पिढ्यांचा परिचय आहे अशा प्रांतांतून माणसं आणावी लागतात. ते झालंही, पश्चिम बंगालमधून हत्ती हाकणारी पथकं बोलावली गेली. ही कामं गावाची नव्हेत. पण रात्री कळप कुठल्या बोडीवर पाणी प्यायला, पिल्लू कुठे मागे राहिलं, कुठल्या वाटेने उद्या येईल, हे सगळ्यात आधी कळतं ते जागल करणाऱ्या शेतकऱ्याला. त्याच्याकडून खबर खात्याकडे जाते ती कुणा ओळखीच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर, तो बदलून गेला की वाटच बुजते.

भरपाईचे दर मुंबईत ठरतात. पंचनाम्याला कर्मचारी सवडीने येतात, तोवर तुडवलेलं धान पावसाने कुजून त्याचं काय झालं तेही ओळखू येत नाही. ग्रामसभांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे मात्र नकाशे आहेत, जीपीएस वापरता येणारी पोरं आहेत, तेंदूचे पुडे मोजून तयार झालेल्या वह्या आहेत. नुकसानीची पहिली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभेच्या समितीने करावी, तीच पंचनाम्याचा आधार धरावी, आणि त्यात कळपाची वाटही लिहावी. कायदा बदलावा लागणार नाही, शासन निर्णयाने होईल. हत्तींबाबत गाव, जिल्हा आणि दोन राज्यं एकमेकांशी जोडायची असतील तर मी सुरुवात या वहीपासून करीन.